मानाची फेरी

प्राची पुन्हा पडली, तेही बोटीच्या मागच्या लाटेवरच. बोट चालवणाऱ्या शंभूराजनं ती वळवून तिच्याजवळ आणली. पोरीचा ओठ फुटला होता. पायातली लांब पट्टी, स्की, सावरत ती पाण्यात तरंगत राहिली.

तिच्या बापानं, नाथाजीनं, नजर चुकवली. नव्या कोऱ्या बोटीत कडेगावचे पाहुणे दाटीवाटीनं बसले होते. नवा ट्रॅक्टर आला की नारळ फोडून थोरामोठ्यांना पहिली फेरी द्यायची, तेच त्यानं इथं तापोळ्याला धरणाच्या पाण्यावर केलं. ज्याचा मान त्याला नको का द्यायला? सगळ्यांत पुढं त्याचे लालासाहेब मामा ऐटीत बसलेले.

पोर बिचारी दुकानातच म्हणाली होती, आबा, ती ठेंगणी, सपाट बुडाची घ्या. स्लॅलमला दोर धरून बोटीमागं या अंगाकडून त्या अंगाला लाटा कापत जायचं असतं. लाट जेवढी बसकी तेवढी बरी. पण ठेंगणी बोट गावाला काय दाखवायची? नाथाजीनं ही उंच, दांडगी घेतली. वर त्यात माणसं कोंबली. लाट उठणार नाही तर काय! आणि येत्या रविवारी राज्याच्या संघाची निवड होती.

"काय झालं गं?" मामांनी वरून विचारलं.

प्राचीनं बापाकडं पाहिलं. "माझाच पाय चुकला, आजोबा."

"पोरीला जमंना रं, नाथाजी," मामा म्हणाले.

नाथाजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चूक कुणाची, हे त्याला पुरतं ठाऊक होतं. तेवढंच बोलायचं होतं. पण तो म्हणाला, "चला, जेवणं उरकून घ्या." सगळ्यांना काठावर उतरवून तोही मागोमाग उतरला. चारचौघांत अब्रू राहिली, पण जिलबी वाढताना तो पाण्याकडं पाठ करूनच उभा राहिला.

शंभूराज एकटाच बोट घेऊन निघाला. मागची लाट निम्म्यानं बसली. दोराला लटकून, पाण्यावर कलती होत, प्राची रांगेनं सोडलेल्या लाल फुग्यांना वळसे घालत सुटली. शेवटच्या फुग्यापर्यंत ती पडली नाही.

ती काठाला आली तेव्हा मामा टाळ्या पिटत होते. "आता गं कसं जमलं?"

"मगाशी माझंच चुकत हुतं, आजोबा," ओल्या हातानं ओठ पुसत ती म्हणाली.

नाथाजीनं तोंड उघडलं. मग जिलबीचं ताट मामांपुढं सरकवलं.