सुईणीची खोली

सुईण आत आली तेव्हा मुलगी आधीच खाटेवर आडवी झाली होती. अंगावर जुन्या काळचे कपडे, पोटावर चादर. चला, ही वेळेवर तरी आली, म्हणत सुईणीनं पदर खोचला.

संग्रहालयाच्या या खोलीत ती एकोणीस वर्षं दोनशे वर्षांपूर्वीची सुईण होती. उंबऱ्याच्या आत घड्याळ नाही, मोबाइल नाही आणि भूमिका सोडून अवाक्षर नाही. साधं नावही विचारायचं नाही. फाटकावर जुने कपडे भाड्यानं मिळत, त्यामुळे निम्मे पाहुणेही त्या काळातलेच वाटत. चष्म्यावरून काय ते ओळखायचं.

आजचा खेळ मात्र नोकरीवर बेतला होता. बाळंतिणीचं काम करणाऱ्या आधीच्या दोघी ऐन कळांत फिदीफिदी हसल्या होत्या. साहेबांनी स्वच्छ सांगितलं होतं, "आज तिसरी पाठवतोय. हीही हसली, तर खोली बंद. मेणाचे पुतळे बसवतो, ते हसत नाहीत." आता ते मागच्या बाकावर हाताची घडी घालून बसले होते. सोबत पंचवीस-तीस पाहुणे.

सुईणीनं मुलीचा हात हातात घेतला. घामानं ओला होता. घाबरलीय बिचारी, पहिलाच दिवस.

"काय गं पोरी, कधीपासून दुखतंय?"

"आत्ताच... काकू, नवरा पाणी आणायला गेलाय. बोलवा ना त्याला!"

नवरा पाण्याला गेलेला, हे संवादांच्या कागदावर होतंच. पण म्हटलं किती छान!

"येईल गं. पुरुषांना पाण्याला धाडलं की विहीर खणूनच परत येतात."

पाहुणे खो-खो हसले. मुलगी हसली नाही. सुईणीचा जीव भांड्यात पडला.

"अजून तीन आठवडे होते हो," मुलगी कण्हली.

हे कागदावर नव्हतं. कसं सुचलं गं बाई हिला!

"बाळाला कुठं दिवस मोजता येतात? लांब श्वास घे. हं. आता सोड."

मुलीनं मनगट असं आवळलं की सुईणीची बांगडी रुतली. एका आजीबाईंनी डोळे पुसले. साहेबांची हाताची घडी केव्हाच सुटली होती.

दहा मिनिटांनी घंटा झाली. खेळ इथंच संपायचा, बाळ कधी जन्मायचंच नाही. टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. बाहेर पडताना साहेब सुईणीच्या कानाशी वाकले. "पुतळे रद्द," ते म्हणाले.

खोली रिकामी झाली तशी सुईण दार लोटून मटकन खाली बसली. नोकरी वाचली. डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं आणि हसूही आवरेना. किती दिवसांनी इतकं हलकं वाटत होतं.

खाटेवरचं कण्हणं अजून चालूच होतं.

"अगं पुरे आता, गेले सगळे," सुईण डोळे पुसत म्हणाली. "जिंकलंस बाई! चल, चहा पाजते तुला."

तेवढ्यात दार ढकलून कुणी तरी धापा टाकत आत आलं. पंचविशीची मुलगी, पायांत बूट, काखेत उशी.

"सॉरी काकू, बस चुकली," ती म्हणाली. "पोटाला बांधायची उशी घरूनच आणलीय. कुठं झोपायचं मी?"