रानमाणसाचं नाणं

कांतामावशींनी रुमालाची गाठ सोडली आणि नाणं किचन टेबलावर ठेवलं. गिरीशने चहाचा कप खाली ठेवला.

"बघा बरं गिरीशराव. खरं आहे की खोटं?"

बिस्किटाएवढं रुंद, काळंकुट्ट चांदीचं नाणं. एका बाजूला अख्खं झाड हातात धरून उभा असलेला केसाळ रानमाणूस, खाली साल १६४३. अमेरिकेतल्या या ईडन प्रेरी गावातल्याच एका जर्मन म्हातारीची मावशींनी सहा वर्षं सेवा केली होती. जाण्याआधी तिने हे मावशींच्या हातात ठेवलं. वडिलांनी जर्मनीतून आणलेलं आहे, स्वस्तात घालवू नकोस, एवढंच म्हणाली.

गिरीश नाण्यांचा जुना शौकीन, त्याला भिंगसुद्धा काढावं लागलं नाही. या जुन्या जर्मन थालर नाण्याचे जगात दोनच नग ठाऊक होते. एक १९०७ साली फ्रँकफुर्टच्या लिलावात विकला गेला, १९२९ साली बर्लिनमध्ये पुन्हा एकदा, आणि मग जो गडप झाला तो झालाच. दुसरा झ्यूरिकच्या दोन लिलावांतून फिरत फिरत गेल्या वर्षी खुद्द गिरीशकडे आला होता. बायकोला, विनीताला, त्याने किंमत सांगितली चाळीस डॉलर. मोजले होते अकरा हजार, तेही घरासाठी दोघांनी साठवलेले. जानेवारीत न्यूयॉर्कच्या लिलावात तो काढायचा, कॅटलॉगमध्ये 'आज ज्ञात असलेला एकमेव' असं छापून आणायचं आणि नोकरीला रामराम ठोकायचा, असा साहेबांचा बेत होता. परवाच तो लॉकरमधून काढून फोटोसाठी घरी आणला होता.

आणि आता तो गडप झालेला नग समोर! वर त्याच्या नाण्यापेक्षा कितीतरी चांगला. दोन झाले की 'एकमेव' गेलं, आणि भावही गेला.

"पाचशे डॉलर देतो, मावशी. आत्ताच्या आत्ता चेक लिहितो."

"नको हो. लिलावात येईल ते येईल. त्या बाईंच्या वकिलाने न्यूयॉर्कचा पत्ता दिलाय, उद्या पोस्टात टाकायचं. शेवटची तारीखच आहे म्हणे." मावशी कपाकडे बघत बोलल्या. "साताऱ्याला दोन खोल्या घ्यायच्यात, माझ्या नावावर. सून वाईट नाही, पण बेसमेंटला खिडकी नाही हो. दिवस उजाडलेला कळत नाही."

गिरीशने मान हलवली. वाईट वाटलं त्याला, नाही असं नाही. पण स्वतःचं जास्त वाटलं.

नाण्यांच्या दुनियेत एक गोष्ट शेंबडं पोरही सांगेल. चांदीवरचा काळा थर म्हणजे नाण्याच्या वयाचा दाखला. तो घासून काढला की नाणं मेलं. चौथाई भावालाही कोणी विचारत नाही, लिलाववाले तर कॅटलॉगमध्येही घेत नाहीत. पण साताऱ्याच्या मावशींना हे कोण सांगणार?

"मावशी, असं काळं पाठवणार? हसतील ते लोक!"

"मग काय करू?"

"उद्या लक्ष्मीपूजन. पूजेआधी चांदीचं आपण काय करतो?"

"चिंचेने घासतो की!"

"मग झालं तर. चिंचेचा कोळ, थोडं मीठ आणि वरून टूथ पावडर. चांगलं दोन तास घासा. लख्ख करूनच पाठवा."

"अगोबाई, हे माझ्या कसं लक्षात आलं नाही! पण सुनेकडे चिंच नाही हो."

"त्यात काय! उद्या दुपारी इकडेच या. विनीताकडे पाकीट आहे. ती घरीच असते."

मावशींचे डोळे भरून आले. "देवमाणूस आहात बघा. परक्या मुलखात एवढं कोण करतं?"

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गिरीशची स्वारी भलतीच खुशीत होती. लंचला त्याने सगळ्यांना चकल्या वाटल्या. तीनच्या सुमारास घड्याळ बघून त्याला हसूसुद्धा आलं. आता कोळ लागला असेल. आता मीठ. नालायक माणूस, दुसरं काय!

संध्याकाळी बर्फ तुडवत तो घरी आला. दारात रांगोळी, आत उदबत्तीचा वास. विनीता चौरंगावर पूजा मांडत होती. शेजारी कांतामावशी, बोटं चिंचेने तांबूस झालेली.

"घासलंत का मावशी?" बूट काढता काढताच त्याने विचारलं.

"दोन तास! टूथ पावडरचा डबा संपवला. सालटी निघाली बोटांची, पण आरशासारखं झालं."

"वा! आणि पोस्टात टाकलंत?"

"टाकलं, विनीतानेच नेलं गाडीने. पाचला पाचच मिनिटं होती. आता गेलं बापडं तसंच काळं, इलाज नव्हता."

गिरीशचा एक बूट हातातच राहिला. "काळं? मग दोन तास घासलंत काय?"

मावशींनी हौसेने चौरंगावरच्या ताम्हनाकडे बोट केलं. "अहो, तुमचं! विनीता म्हणाली, यांच्याकडेही असंच आहे, चाळीस डॉलरचं. म्हटलं, ज्यांनी शिकवलं त्यांच्या घरची लक्ष्मी आधी."