महिनाभर आराम

प्रकाशा गावात भरलेल्या आरोग्य शिबिरात डॉक्टरांनी व्हीलचेअरवरच्या नथ्थूभाऊंना हालचाल मोजणारा मनगटी पट्टा दिला होता. "खुर्ची ज्या हाताने चालते, त्याच हाताला आठवडाभर बांधून ठेवा," एवढंच सांगितलं होतं.

आठवड्याने डॉक्टरांनी मोबाईलवर आकडे पाहिले आणि चष्मा काढला.

"नथ्थूभाऊ, पहाटे पाचला सुरू झालेला हा हात रात्री दहापर्यंत थांबतच नाही. अशाने खांदा कामातून जाईल. आता महिनाभर सक्तीचा आराम."

नथ्थूभाऊंनी मान वळवून खुर्चीमागे उभ्या असलेल्या बायकोकडे पाहिलं.

"डॉक्टर म्हनतस, आराम कर."

शांतीबाईंनी पदराखालचा हात बाहेर काढला, मनगटावरचा पट्टा सोडून टेबलावर ठेवला.

"मंग खुर्ची कोन लोटी?"