मांडलेली पानं

फळीवर गोळ्यांची बाटली नव्हती. केशरने ताटांमागे पाहिलं, रॉकेलच्या डब्यामागे पाहिलं. मग तिची नजर सासूबाईंच्या हातावर गेली. गोजराबाई सहाणेवर जायफळ उगाळत होत्या. मांडीवर तीन महिन्यांची नात कोकलत होती.

“आत्या, हिला सकाळची गोळी दिली?”

“न्हाई.”

“आणि काल?”

“कालबी न्हाई.” हात थांबला नाही. “आदी कशी गुणाची हुती! निजवावं तितं निजायची. गोळी सुरू झाली अन् पंधरा दिसांत घर डोक्यावर घेतलंय. सोसत न्हाई पोरीला.”

केशर खाली बसली. गुणाची. सगळी कासार आंबोली हेच म्हणत होती. त्या शांतपणाची भीती तिला एकटीलाच वाटली होती. पुण्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं तेव्हा कळलं, बाळाच्या गळ्यातली ग्रंथी जवळजवळ कामच करत नाही. गोळी रोज द्या, म्हणाले. एक दिवस खाडा नको.

“गुणाची नव्हती, आत्या. निपचित पडलेली असायची.” तिने आवाज चढू दिला नाही. “हिच्या मेंदूत पंगत बसलीय असं समजा. अंगात एक रस तयार होतो, त्याच्यासाठी पेशीपेशीत पान मांडलेलं असतं. तो पानात पडला तर पेशी वाढते, तगते. हिच्या अंगात तो होतच नाही. गोळीत तोच आहे.”

“अन् पानात न्हाई पडला तर?”

“उपाशी उठते. मागाहून कितीही वाढा, परत बसत नाही.”

“म्हंजी… पोर येडी ऱ्हाईल?”

केशरने बाळाच्या टाळूवरून हात फिरवला.

गोजराबाईंनी जायफळ बाजूला ठेवलं. कमरेचा बटवा सोडला आणि सुपारीच्या खांडांतून बाटली बाहेर काढली.

“किती येढे घालू?”

“वेढे नाही, अख्खी. उगाळू नका, सहाणेला राहील. चमच्यात चुरा.”

त्यांनी चुरली, दुधात कालवली, बाळाच्या तोंडात घातली. चमचा बोटाने निपटून ते बोटही चाटवलं. बाळाने तोंड वाकडं केलं आणि मोठ्ठं भोकाड पसरलं.

कुडापलीकडून शेजारची तुळजाबाई ओरडली, “अगं गोजरे, पोर का रडतीया यवढी?”

“रडू दे,” गोजराबाई म्हणाल्या. “पानावर बसलीया.”