मागचा ब्रेक

नवी चेन बसवायची म्हणून तो सकाळपासून मोटरसायकलच्या स्प्रॉकेटच्या, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चक्राच्या, नटाशी झटत होता. तेल पाजून झालं, पान्याला पाइप जोडून झाला, पण नट काही दाद देईना. जोर लावला की चाकच फिरायचं. शेवटी हात टेकून त्यानं बायकोला हाक मारली. ती आली, गाडीवर बसली आणि तिनं मागचा ब्रेक दाबून धरला.

"लाव जोर."

कुरकुरत नट सुटला. तो घामाघूम होऊन फरशीवरच बसला.

"तू नसतीस तर सुटला नसता."

"आता गाडी होतेच आहे, तर उद्या घटस्फोटाच्या सह्यांना मलाही मागे बसवून ने," ती म्हणाली. "वेगळं जायचंही त्राण नाही उरलं."