वरणात गूळ

“काल राती म्या वांग्याचं भरीत केलं,” मैनाबाई म्हणाली.

चंपतराव भिंतीकडे तोंड करून पडले होते. भिंत हिरवट होती आणि एका जागी पोपडा सुटला होता. त्यांनी पोपड्याकडे पाहिलं. बायकोकडे पाहिलं नाही.

पोटाचं ऑपरेशन नीट झालं होतं. आता पातळ वरण-भात खायचा, अंगात ताकद भरायची आणि कन्हान नदीकाठच्या आपल्या वावरात परत जायचं, एवढंच राहिलं होतं. पण चंपतराव सलाईनवरच होते, तोंडच उघडत नव्हते. त्यांचा सोबती शालिकराम याच दुखण्यात गेला. ऑपरेशन झालं, शुद्धीवर आला, दोन घास खाल्ले आणि गेला. तेव्हा आपलाही नंबर लागला, हे चंपतरावांनी ठरवून टाकलं होतं. मग उगाच वरण-भाताची नासाडी कशाला?

“यांनी खाल्लं नाही तर माझ्या हातात काही नाही,” डॉक्टरांनी मैनाबाईला दाराशी नेऊन सांगितलं. “जेवणाच्या गोष्टी करत राहा. भूक चाळवेल.” शहरातल्या धंतोलीतला लहानसा दवाखाना तो, दार काही लांब नव्हतं. चंपतरावांना सगळं ऐकू आलं. डॉक्टर शहाणा आहे, पण उशिरा भेटला, असं त्यांना वाटलं.

दवाखान्यामागं टिनाचं शेड होतं. रोग्यांसोबत आलेल्या बाया तिथं आपापले स्टो पेटवून रांधायच्या. कोणी आर्वीची, कोणी उमरेडची, कोणी पार चंद्रपूरकडची. काल आपल्याकडे काय होतं, हे एकमेकींना सांगितल्याशिवाय त्यांची सकाळ होत नसे. मैनाबाई ते सगळं ऐकायची आणि वर येऊन नवऱ्याला आपलं म्हणून सांगायची. स्टोवर कुठलं आलं भरीत? चंपतरावांना कळत होतं. पण मरणाऱ्या माणसानं कशाला बोलावं.

भूक चाळवली, खोटं कशाला सांगा. पण ती शेजारच्या खाटेवरच्या बाबनरावांची. भरिताचं ऐकून त्यांनी भाकर मागितली. पाटवडीचं ऐकून ते उठून बसले. डॉक्टरांनी त्यांना ठरल्याआधीच घरी धाडलं. जाताना त्यांनी मैनाबाईला हात जोडले आणि रश्शात खसखस किती टाकायची ते विचारून घेतलं.

चंपतराव भिंतीकडेच.

एरवी हा माणूस ताटावर बसला की घर श्वास रोखून धरायचं. मीठ कमी, भाकर जाड, फोडणी जळकी. लोकांच्या लग्नाच्या पंगतीतही त्यांनी जिलबीला नावं ठेवली होती. जावई तर सासुरवाडीला येताना जेवूनच यायचा. मैनाबाईनं याच्यासोबत जन्म कसा काढला, असं सारं गाव म्हणायचं. मैनाबाई मात्र उद्या मीठ पाहून टाकायची.

पुढं पुढं मैनाबाईचा हात बिघडत गेला.

“काल भात करपला,” ती एका सकाळी म्हणाली.

चंपतराव गप्प.

“काल भाजीत मीठच टाकाचं राह्यलं,” ती दुसऱ्या सकाळी म्हणाली.

बिचारीचं लक्ष नाही, असं चंपतरावांच्या मनात आलं. आपल्यामागं हिचं कसं होईल? पण तोंड त्यांनी फिरवलं नाही.

मग एक दिवस ती आली, स्टुलावर बसली, पदरानं गळ्याचा घाम पुसला.

“काल राती वरन केलं,” ती म्हणाली. “गूळ टाकून.”

खाट करकरली.

“काय टाकून?”

“गूळ. चांगला खडाच टाकला. खाली यमुताई आहे, पुन्याकडची. तिच्या घरी रोजच टाकतात म्हने. बरं लागते. आज वांग्यात टाकून पाहीन.”

चंपतराव वळले. टाके ओढले गेले, तरी वळले.

“आपल्या वावरातल्या तुरीच्या वरनात?”

“तेच डाळ आनली व्हती घरून.”

त्यांनी कोपरावर भार देऊन मान उचलली.

“मी मरेपावतर तरी थांबाचं होतं वं.”

“तुमी कुठं खाऊन राहिले?” मैनाबाई म्हणाली. “पुढं मले एकटीलेच खाचं आहे. मले आवडते.”

“जाय,” चंपतराव म्हणाले. “वरन करून आन. गुळाबिगर. माह्यापुढं आन, मी पाह्यतो.”

तिनं आणलं. त्यांनी चमचाभर तोंडात घेतलं. हिंग कमी होता. पुन्हा घेतलं. डाळ घोटली नव्हती. पुन्हा घेतलं. हळद कच्ची होती. अशी नावं ठेवत ठेवत त्यांनी वाटी संपवली. मैनाबाई तेवढा वेळ खिडकीबाहेर बघत होती.

घरी जायच्या दिवशी चंपतराव काठी टेकत शेडमध्ये गेले. यमुताईला चार शब्द सुनवायचे होते. शेवग्याच्या शेंगा मोडत बसलेली बाई त्यांना कोणीतरी दाखवली.

“तुमी पुन्याच्या ना?” त्यांनी विचारलं.

“मी? मी तं उमरेडची आहो, भाऊ. कोष्ट्याच्या घरची. पुनं कोनं पाह्यलं?”

“अन् वरनात गूळ?”

“वरनात कोन गूळ टाकते, भाऊ?” यमुताई म्हणाली. तिचा चेहरा खरोखरच कसनुसा झाला होता.

चंपतरावांनी बायकोकडे पाहिलं. मैनाबाई स्टो पोत्यात भरत होती. तिनं मान वर केली नाही.

“भात करपला सांगतलं, तुमी हलले नाई. मीठ नाई सांगतलं, तरी गप्प,” ती म्हणाली. “डाक्टरच्या बोलन्यानं नाई भ्याले मी. तुमी नावं ठेवनं सोडलं, तवा भ्याले.”