घंटा वाजली की हात दाबा

सम्राटनं हात दाबला. म्हणजे घंटा वाजली असणार.

भाग्यश्रीनं लगेच पाय बदलला. आता तिनं चालवायचं आणि नवऱ्यानं तिच्यामागं चालायचं. दौंडच्या त्या हॉलमध्ये दहा-बारा जोड्या गरगर फिरत होत्या, आणि नाचाच्या स्पर्धेचा नियमच तसा होता. घंटा झाली की अदलाबदल. आधी नवरा चालवणार, मग बायको, परत नवरा. जी जोडी अडखळेल ती बाहेर.

भाग्यश्रीला घंटा ऐकू येत नव्हती. गाणंही येत नव्हतं.

कारेगावात खोली घेतल्यापासून ती कारखान्यात पत्रा ठोकायच्या प्रेसवर होती. सम्राट तिच्या आधीपासून तिथंच, पलीकडच्या लाइनीवर. त्या धाडधाडीनं तिचा आधी उजवा कान गेला, मग डावा. बाकी सगळं ती ओठांवरून ओळखायची. लाइनीवर सगळेच खुणांनी बोलतात, त्यामुळं कुणाला पत्ता लागला नाही. आणि सम्राटला तर मेलं तरी लागू द्यायचा नव्हता.

त्याला कारण तिची जाऊ, सुरेखा. तिची नजर अधू झाली तशी भांडगावच्या घरात तिला ‘आराम कर बाई’ म्हणून बसवली. अंगणवाडीतलं काम सुटलं, बाजार सुटला, उंबऱ्याबाहेर कुणी एकटीला सोडीना. तेव्हा सम्राटच म्हणाला होता, “त्यात काय, घरात बसंल सुखानं.” ते बोलणं भाग्यश्रीच्या काळजात रुतलं होतं. माणूस मनाचा चांगला, पण ज्या दिवशी त्याला कळेल त्या दिवशी आपलंही काम गेलं, खोली गेली आणि आपणही सुरेखाताईशेजारी भिंतीला टेकून बसलो, असं तिनं धरूनच ठेवलं होतं.

बरं, नवरा तिच्या पथ्यावर पडणारा होता. बोलायचा ते समोर येऊन आणि मानेच्या शिरा ताणून. ती बोलायला लागली की तिच्या तोंडाकडं असा टक लावून बघायचा, की लग्नाला एवढी वर्षं झाली तरी ती लाजायची. फक्त सासूचा, आक्काबाईचा फोन आला की मोबाइल तिच्या हातात कोंबायचा. “तूच बोल. आई डोकं खाती माझं.” मग ती बिचारी अंदाजानं ‘व्हय आई, बरं आई’ करत घामाघूम व्हायची.

स्पर्धेत नाव सुपरवायझरनं घातलं. मशीन चालू असताना येऊन त्यानं दोघांना नाव घालू का म्हणून विचारलं. नवरा न्हाई म्हणेल म्हणून ती त्याच्याकडं बघत राहिली, तो तिच्याकडं. दोघंही गप्प, तो होकारच धरला गेला. आता माघार घ्यायची म्हणजे कारण सांगणं आलं.

तालमीत तिनं एक युक्ती काढली. “अहो, घंटा झाली की माझा हात दाबा. माझी गडबड हुती.”

तो जरा वेळ तिच्याकडं बघतच राहिला. मग म्हणाला, “बरं.”

एकदा शेजारची ताईबाई दारात येऊन हसायला लागली. “आगं, गाणं कवाच संपलं की! तुमचं आपलं चालूच!”

भाग्यश्रीचा पाय जागीच थांबला. सम्राट मात्र नुसता हसला आणि त्यानं आणखी एक गिरकी घेतली. केवढा जीव लावतो हा, तिला वाटलं, आणि आपण याला फसवतोय. त्या रात्री तिला जेवण गेलं नाही.

पहिली फेरी पार पडली. शेवटच्या फेरीला तीनच जोड्या उरल्या, त्यात ही दोघं. पण भाग्यश्री फणफणत होती. सगळा वेळ सम्राटची नजर दुसऱ्या जोड्यांवर भिरभिरत होती, ते तिनं बरोबर हेरलं होतं.

“दुसऱ्यांच्या बायकांकडं काय बघताय एवढं? आता फकस्त माझ्याकडं बघायचं. मान हालवायची न्हाई.”

सम्राटचा चेहरा उतरला. “आगं, जरा हिकडंतिकडं बघितलं की मला जमतं.”

“कायबी सांगू नगा. माझी शपथ हाय.”

“बरं,” तो म्हणाला.

फेरी सुरू झाली. आधी सम्राट चालवत होता. शब्दाला जागून नजर तिच्या चेहऱ्यावरून हलवत नव्हता. ती हात दाबायची वाट बघत होती. एक चक्कर झाली, दुसरी झाली, हात काही दाबेना. गिरकीत तिनं बाजूला बघितलं आणि ती गारच पडली.

बाकीच्या दोन्ही जोड्या हात सोडून भिंतीकडेला उभ्या होत्या. गाणी लावणारा वाकून वायरी चाचपत होता. परीक्षक बाई दोन्ही हात हलवून थांबा म्हणत होत्या. पहिल्या रांगेत सुपरवायझर तोंडावर रुमाल धरून हसत होता.

सापडलो आपण, तिला वाटलं. पळून जायला दार होतं ते तेवढ्या माणसांच्या पलीकडं. पण सम्राट का थांबला नाही? आपल्याला झाकायला? म्हणजे त्याला कळलंय सगळं, आणि तरी तो चारचौघांत आपल्यासाठी नाचतोय? तिचे डोळे भरून आले. होईल ते होवो, आता खोटं नको.

“अहो,” ती पाय न थांबवता पुटपुटली, “मला कायबी ऐकू येत न्हाई. लई दिवस झालं. गाणं बंद पडलंय, व्हय ना?”

सम्राटनं तिच्या थरथरत्या ओठांकडं निरखून बघितलं, आणि तो हसला.

“व्हय, व्हय,” तो म्हणाला. “लई भारी गाणं हाय.”